दुसरा अल्बम: ट्राइब का डे ला सोल?

काल रंकाळ्यावर भेळ खाता खाता परत तोच वाद निघाला, १९९१ ला आलेल्या दोन दुसऱ्या अल्बमांतला भारी कुठला, ए ट्राइब कॉल्ड क्वेस्टचा 'द लो एंड थिअरी' का डे ला सोलचा 'डे ला सोल इज डेड'. दोन्ही अमेरिकेतले हिप-हॉप म्हणजे रॅपचे ग्रुप. दोन्ही अल्बमना 'द सोर्स' ह्या हिप-हॉपच्या मासिकानं पाच माइक दिलेले, म्हणजे फुल मार्क, त्यामुळं तिथं काय निकाल लागत नाही.

डे ला सोलवाल्यांनी १९८९ च्या पहिल्या अल्बमवरची फुलाफुलांची हिप्पी इमेज स्वतःच मोडली, कव्हरवर चक्क फुटलेली कुंडी! मधेमधे स्किट म्हणजे छोटे विनोदी प्रसंग आहेत, पोरांना कचऱ्यात ह्याच अल्बमची कॅसेट सापडते आणि ती तिलाच नावं ठेवत बसतात, म्हणजे टीकाकारांचं काम ह्यांनी आधीच करून टाकलं. पण पहिल्यासारखा आनंदी माल पाहिजे होता त्यांना हे जरा जड गेलं, आणि खरं सांगू, लांबलाय पण लई.

ट्राइबचं उलटं. नुसता बेस, ड्रम आणि जॅझ, पांढऱ्या रश्श्यासारखं, दिसायला साधं पण चव जात नाही. रॉन कार्टर, जॅझमधल्या दिग्गज माइल्स डेव्हिसबरोबर वाजवलेला माणूस, एका गाण्यात स्वतः डबल बेस वाजवतो, आणि ट्राइबच्या पहिल्या अल्बममधे कमी दिसलेला रॅपर फाइफ इथं ग्रुपमधल्याच दुसऱ्या रॅपरला, क्यू-टिपला, तोडीस तोड देतोय. २०२२ ला अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं जतन करायच्या यादीत हा अल्बम घेतला.

मित्र डे ला सोलवर अडून बसलाय. माझं मत ट्राइबला, पण हेडफोन लावून ऐका, मोबाइलच्या स्पीकरवर बेस कळणारच नाही.