कुरळ्या, राठ केसांसाठी लीव्ह-इन, जवसाचं जेल आणि मुठेल: सोलापूरच्या हवेत काय टिकतं

निकाल आधीच सांगते. केस कुरळे आणि कोरडे असतील तर पैसे खर्च करावेत ते लीव्ह-इन क्रीमवर, म्हणजे न्हाल्यावर लावून न धुता तशीच ठेवायच्या कंडिशनरवर. तेल घरातलं चालतं, जेल गॅसवर उकळून होतं, पण लीव्ह-इनचं काम स्वयंपाकघरातली कुठलीही वस्तू करत नाही. आणि ते घेताना बाटलीच्या पुढच्या बाजूवरचे आर्गन, अव्होकाडो, मध वगैरे शब्द सोडून द्यावेत आणि मागची बारीक अक्षरातली यादी वाचावी. मऊपणा त्या यादीत असतो.

माझे केस कसे आहेत ते सांगते, म्हणजे तुमच्याशी ताडून बघता येईल. ओले असताना पाठीवर येतात, सुकले की आखडून खांद्यावर. पेन्सिलीला गुंडाळल्यासारखी बट, मानेवर आणखी घट्ट. केस जाडसर, संख्येने भरपूर, टोकांना फाटे पटकन फुटतात. माहेर देवगडकडचं, तिथल्या दमट हवेत केस फुगतात. सासर आणि नोकरी सोलापुरात. इथे मे महिन्यात पारा ४३-४४ अंशांवर जातो, दुपारची हवा कोरडी ठणठणीत, स्कूटरवर जाताना डोक्याला स्कार्फ, आणि नळाचं पाणी रोज नसतं म्हणून बऱ्याचदा बोअरच्या पाण्यानं न्हाणं. एकच डोकं या दोन्ही हवांत नेऊन बघितल्यामुळे कुठली वस्तू कुठे चालते हे मला नीट कळलं आहे.

कुरळे केस कोरडे का पडतात? टाळूवर तेल सुटतं ते सरळ केसावरून खाली उतरतं. आपल्या केसाला प्रत्येक वळणावर अडतं, त्यामुळे टाळू तेलकट आणि टोकं राठ. शिवाय केसाच्या बाहेरच्या थरावर जे बारीक खवले असतात ते वळणांवर उचलले जातात, एकमेकांत अडकतात, गुंता होतो, विंचरताना झिजतात. म्हणजे हाताला जो राठपणा लागतो तो बराचसा या विस्कटलेल्या खवल्यांचा असतो. केस भिजवले म्हणून तो जात नाही. सुकले की पुन्हा तेच.

इथे लीव्ह-इन उपयोगी पडतं. झिजलेल्या केसावर ऋण विद्युतभार असतो आणि कंडिशनरमधल्या मुख्य घटकावर धन. त्यामुळे तो घटक नेमका जिथे केस जास्त झिजलाय तिथे जाऊन चिकटतो आणि खवले बसवतो. यादीत त्याचं नाव बेहेंट्रिमोनियम मेथोसल्फेट, बेहेंट्रिमोनियम क्लोराइड किंवा सेट्रिमोनियम क्लोराइड असं असतं. पहिल्या नावातला ‘सल्फेट’ बघून बऱ्याच जणी बाटली परत ठेवतात. ठेवू नका. शाम्पूत फेस करणारं सल्फेट वेगळं, हे केस मऊ करणारं. तसंच सेटिल अल्कोहोल, सिटेरिल अल्कोहोल ही नावं दिसली तर दचकू नका. ती मेणासारखी स्निग्ध अल्कोहोलं आहेत, क्रीमला दाटपणा आणि केसाला गुळगुळीतपणा देतात. टाळायचं ते अल्कोहोल डिनॅट, म्हणजे केस कोरडे करणारं स्पिरिट, तेही यादीत वरच असेल तर.

यादीत घटक जास्तीकडून कमीकडे लिहिलेले असतात, मात्र १ टक्क्याच्या खालचे घटक कुठल्याही क्रमाने लिहायची मुभा असते. त्यामुळे मी एक खूण धरते: फिनॉक्सिएथॅनॉल. क्रीम खराब होऊ नये म्हणून घालतात आणि त्याचं प्रमाण १ टक्क्यावर जात नाही. या नावानंतर जे काही येतं, ते गुलाबाचं तेल असो की रेशमाचं प्रथिन, चिमूटभरच आहे असं समजावं. पुढच्या बाजूवर मोठ्या अक्षरात ‘शिया’ (एका आफ्रिकी झाडाच्या बियांचं बटर) आणि मागे शिया फिनॉक्सिएथॅनॉलच्याही नंतर, अशा बाटल्या दुकानात हव्या तेवढ्या मिळतील. क्रीमच्या ब्रँडचं एकही नाव मी मुद्दाम देत नाही. कंपन्या तेच झाकण, तेच नाव ठेवून आतला माल बदलतात, आणि अमुक एक घ्या असं सांगितलं तर सहा महिन्यांनी तुमच्या हातात दुसरंच काही यायचं. यादी वाचायला शिकलात तर कुठल्याही दुकानात तुमचं तुम्हाला निवडता येईल.

आता सोलापूर आणि देवगड यांतला फरक. तो ग्लिसरीनमुळे पडतो. ग्लिसरीन पाणी धरून ठेवतं, म्हणून जवळपास प्रत्येक लीव्ह-इनमध्ये असतं. पाणी, मग लगेच ग्लिसरीन, मग बाकीचं, अशी यादी असेल तर ती क्रीम मी इथे मार्च ते जूनच्या पहिल्या पावसापर्यंत वापरत नाही. हवेत ओल नसली की ग्लिसरीनला धरायला काही मिळत नाही, केस चिकट लागतात आणि तरी राठच. उलट कोकणात जुलैमध्ये हवेतली ओल इतकी असते की ग्लिसरीन ती ओढत राहतं, केस फुगतात, बटांचा आकार जातो. केस हवेतून किती पाणी पितो हे कळलं तर यात नवल वाटणार नाही. हवा पूर्ण दमट असेल तर तो स्वतःच्या वजनाच्या जवळपास ३० टक्के पाणी शोषतो. ग्लिसरीन खरं उपयोगी पडतं ते ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत, हवा धड कोरडी नाही, धड दमट नाही तेव्हा. तेव्हा माझे केस वर्षातले सगळ्यात छान असतात. मेडिकलमध्ये मिळणारी ग्लिसरीनची छोटी बाटली घेऊन नुसतं ग्लिसरीन केसाला लावणाऱ्यांना मी हात जोडते. पाण्यात थोडं कालवून लावलं तरी पुष्कळ होतं.

उन्हाळ्यासाठी मी अशी क्रीम निवडते जिच्यात पहिल्या पाच नावांत पाणी, सिटेरिल अल्कोहोल, बेहेंट्रिमोनियम आणि एखादं तेल किंवा बटर आहे, आणि ग्लिसरीन खाली आहे. पावसाळ्यात माहेरी जाताना त्यातलीच हलकी, पातळ क्रीम आणि वरून जेल. २०० मिलिलीटरची चांगली भारतीय क्रीम मला साधारण ४०० ते ६०० रुपयांत मिळते. कुरळ्या केसांचाच विचार करणारे देशी ब्रँड गेल्या काही वर्षांत आले, त्याआधी शिया बटरवाल्या अमेरिकन डब्यांशिवाय पर्याय कमी होते. त्या डब्यांमागे कृष्णवर्णीय बायकांची पिढ्यान्‌पिढ्यांची मेहनत आहे. ओल्या केसावर आधी पाणी किंवा पातळ लीव्ह-इन, मग तेल, मग क्रीम असे थर देण्याची पद्धत त्यांनीच रूढ केली, आणि आज आपण ती इथे वापरतो तर त्यांचं नाव घेतलं पाहिजे.

जवसाच्या जेलबद्दल मला भरभरून बोलायचं आहे. सोलापुरात चटणीसाठी जवस घरात असतंच. पाव वाटी जवस, दोन वाट्या पाणी, मध्यम आचेवर ढवळत सात-आठ मिनिटं. अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार सुटायला लागली की लगेच गॅस बंद करून गरम असतानाच पातळ सुती कापडातून गाळायचं. गार झालं की गाळता येत नाही, कितीही पिळा. हे जेल केसावर पातळ पापुद्रा धरतं, बट एकत्र राहते, आणि सुकल्यावर केस हातात चुरगाळले की पापुद्रा मोडून मऊपणा येतो. बाजारातल्या बऱ्याच कडक जेलपेक्षा मला हे जास्त आवडतं. मात्र त्यात टिकवणारं काही नसतं. फ्रिजमध्ये आठवडाभर, त्यापुढे नाही, आणि वास जरा बदलला तरी फेकून द्यायचं. हे लीव्ह-इनच्या जागी नाही, लीव्ह-इनच्या वर लावायचं आहे. नुसतं जेल लावलं तर माझी टोकं संध्याकाळपर्यंत कडक होतात.

कोरफडीचं ताजं जेल मी सोडून दिलं आहे. केस धुताना निसरडे लागतात खरे, पण सुकल्यावर काही उरत नाही.

खोबरेल तेलाबद्दल दोन टोकाची मतं ऐकू येतात, आजीचं बाजूनं आणि आताच्या पोरींचं विरोधात. पॅराशूट बनवणाऱ्या मॅरिको कंपनीच्या मुंबईतल्या संशोधकांचा २००३ मधला अभ्यास आहे. खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना केली, तेव्हा केसातलं प्रथिन धुताना वाया जाणं खोबरेलानं कमी झालं, बाकी दोघांनी नाही. कंपनी स्वतः खोबरेल विकते हे ध्यानात ठेवून वाचावं, पण कारण पटण्यासारखं आहे: खोबरेलातलं लॉरिक आम्ल लहान आणि सरळ साखळीचं असल्यामुळे केसाच्या आत शिरतं. म्हणून खोबरेल न्हाण्याआधी. रात्री किंवा दोन तास आधी, टाळूपेक्षा केसाच्या लांबीवर आणि टोकांवर. न्हाल्यावर मॉइश्चरायझर म्हणून ते मला चालत नाही. तेलात पाणी नसतं. कोरड्या केसावर तेल चोपडलं की केस चकाकतात, मऊ होत नाहीत, आणि स्कूटरवर धूळ बसते ती वेगळीच. एरंडेल तर आणखी जड. थोडंसं दुसऱ्या तेलात मिसळून टोकांपुरतं ठीक.

बटरांपैकी शिया पश्चिम आफ्रिकेतून येतं. घाना, बुर्किना फासो, माली या भागांतल्या बायका झाडाखालच्या बिया गोळा करून ते काढतात. वस्तू उत्तम, पण सोलापूरच्या मे महिन्यात ते कपाटात वितळतं आणि पुन्हा गोठताना रवाळ होतं. रवे हातावर चोळून विरघळतात, वाया जात नाही. पण आपल्या घरचं मुठेल असताना मी शियासाठी एवढा खटाटोप करत नाही. रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, बियांचं हे घट्ट तेल कोकणात पायाच्या भेगांना, फुटलेल्या ओठांना पिढ्यान्‌पिढ्या लावतात. त्यात स्टिअरिक आम्ल शियापेक्षा जास्त, म्हणून ते जास्त कडक आणि कमी तेलकट. ३८-४० अंशांच्या आसपास वितळतं. नुसतं केसाला लावता येत नाही, ठिसूळ असतं. मी एक भाग मुठेल आणि दोन भाग खोबरेल वाफेवर एकत्र वितळवून छोट्या डबीत ओतते. ओल्या केसावर लीव्ह-इन लावून झालं की यातलं चिंचोक्याएवढं दोन्ही तळहातांवर पूर्ण विरघळेपर्यंत चोळायचं आणि फक्त खालच्या वीतभर केसाला लावायचं. भर उन्हात स्कार्फ काढल्यावर टोकं मऊ लागतात ती याच्यामुळे. तयार ‘हेअर बटर’च्या एका महागड्या डबीने माझ्या केसांवर मेणाचा थर बसला होता आणि तो दोन धुण्यांत गेला नाही. घरची डबी त्यापेक्षा शंभर पटींनी बरी.

लावायची रीतही वस्तूइतकीच महत्त्वाची आहे. केस निथळत असताना, टॉवेल लावायच्या आधी, सुपारीएवढी क्रीम, डोकं खाली घालून, बोटांनी गुंता सोडवत. अर्धवट सुकलेल्या केसाला तीच क्रीम तिप्पट लागते आणि पांढरी दिसते. टॉवेलऐवजी जुनी सुती साडी किंवा बनियन. दुसऱ्या दिवशी पुन्हा क्रीम थापायची गरज नसते, हात ओले करून बटा दाबल्या की कालचीच क्रीम जागी होते.

बोअरच्या पाण्याचा विषय टाळून चालणार नाही. त्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम केसावर बसत जातं आणि मग कितीही चांगली क्रीम वरच्या वर राहते. महिन्यातून एकदा डायसोडियम ईडीटीए किंवा टेट्रासोडियम ईडीटीए असलेला, खोल साफ करणारा शाम्पू वापरला की क्रीम पुन्हा लागू पडते. शेवटचं तांब्याभर पाणी फिल्टरचं घेतलं तर फरक पहिल्याच वेळी कळतो. ओल्या केसाला क्रीम लावून गुंता सोडवायची रीत माझ्या कामवाल्या मावशींच्या नातीलाही लागू पडली. तिचे केस माझ्यापेक्षा घट्ट कुरळे, आई दर रविवारी कोरडे केस फणीने विंचरायची आणि पोर रडायची. साधी लीव्ह-इन, रुंद दातांचा कंगवा आणि ओले असतानाच विंचरणं, इतक्यावर तिचं रडणं थांबलं. तिच्यासाठी त्यांनी सगळ्यात स्वस्त क्रीम घेतली होती, यादीत बेहेंट्रिमोनियम तिसऱ्या क्रमांकावर.

केस कुरळे पण बारीक आणि विरळ असतील तर यातलं मुठेल आणि जड क्रीम तुमच्यासाठी नाही, केस चपटे पडतील. तुम्ही फवाऱ्याची पातळ लीव्ह-इन आणि जवसाचं जेल एवढंच घ्या. केस कडक, तुटके लागत असतील आणि तुमच्या क्रीमच्या यादीत हायड्रोलाइज्ड व्हीट, सिल्क किंवा केराटिन यांपैकी एखादं प्रथिन वर असेल तर काही आठवडे प्रथिनाशिवायची क्रीम लावून बघा. मुठेल घ्यायचं असेल तर सावंतवाडी, मालवण, देवगडच्या बाजारात पावसाळ्याआधी विचारा, आणि घेताना वास घ्या. ताज्याला जवळपास वास नसतो. खवट वास आला तर कितीही स्वस्त असलं तरी ठेवून द्या.