वाळूजच्या पत्र्याच्या शेडमधली अभ्यासिका: सहा महिने बसून लिहिलेला रिव्ह्यू

आधी कामाचं सांगतो. संभाजीनगरजवळच्या वाळूजला, रांजणगाव शेणपुंजीच्या अंगाला एमआयडीसीची हद्द संपून गुंठेवारी सुरू होते, तिथं ही अभ्यासिका आहे. नाव लिहीत नाही. खाली बरं-वाईट दोन्ही येणार आहे आणि मला अजून तिथंच बसायचंय. एकूण सीट ११२. शहरातले अभ्यासिकावाले ‘स्लॉट’ म्हणतात, इथं बोर्डावर सरळ ‘फर्स्ट शिफ्ट, सेकंड शिफ्ट, नाईट’ असं रंगवलेलं आहे. एका शिफ्टचे महिन्याला ५००, चोवीस तास बसायचं तर ११००, लॉकरचे १०० वेगळे. डिपॉझिट नाही. वायफाय आहे असं म्हणतात.

या शेडमध्ये मी पहिल्यांदा आलो ते २०१६ला, हातात व्हर्नियर आणि गो-नोगो गेज ही मापं तपासायची हत्यारं घेऊन. तेव्हा इथं धातू कातायच्या अकरा लेथ आणि दोन ड्रिलिंग मशीन होत्या, टू-व्हीलरच्या पिना आणि बुशांचं (शाफ्टवर बसणाऱ्या धातूच्या नळ्यांचं) जॉबवर्क चालायचं. आमच्या कंपनीचा माल इथं बनायचा आणि मी लॉट तपासायला यायचो. आताचा मालक तेव्हा कॉलेजात होता, गल्ल्यावर त्याचे वडील असायचे. मशीन भंगारवाल्याला गेल्या, वर जड माल उचलायच्या चेन ब्लॉकचा गर्डर तेवढा राहिलाय. त्याला आता पंखे लटकवलेत.

उजेड चांगला आहे. प्रत्येक टेबलाला वेगळी ट्यूब आणि चार्जिंगचा पॉइंट आहे. प्लायवूडचे आडोसे खांद्याच्या वर येतात, त्यामुळे शेजारचा काय वाचतोय ते दिसत नाही आणि आपण झोपलो तर त्यालाही दिसत नाही. फरशीचं मात्र बघून घ्या. लेथचे फाउंडेशन बोल्ट गॅसने कापलेत, पण बुंधे राहिलेत. तिथं खुर्ची ठेवली की डुगडुगते. पुठ्ठ्याची घडी सोबत न्या. मे महिन्यात पत्रा तापला की जमिनीतून जुन्या कटिंग ऑइलचा वास वर येतो. नव्या पोरांना मळमळतं. मला त्या वासानं झोप येत नाही, बाकीच्यांनी त्याचा हिशेब आपापला करावा.

सगळ्यात वाईट गोष्ट म्हणजे कूलर. मागच्या भिंतीला मोठा डक्ट कूलर आहे, त्याचा घरघराट असा की गणिताचं उदाहरण मध्येच सुटून जातं. ९० ते ११२ नंबरच्या सीट घेऊ नका.

मुलींसाठी पार्टिशन टाकून तीस सीट आणि संडास वेगळा केलाय, हे चांगलं. पण त्यांना रात्री दहानंतर थांबू देत नाहीत आणि चोवीस तासाचे ११०० मात्र तेवढेच घेतात. जिंतूरकडची एक मुलगी यावरून मालकाशी दोनदा भांडली. तिचं बरोबर होतं. मालक म्हणाला, बघतो. अजून बघायलाय.

आता ५०० रुपयांत नेमकं काय मिळतं ते. माझं आयटीआय टर्नरचं. नऊ वर्षं सीएनसी चालवली, एकाच कंपनीत, पण तीन ठेकेदारांच्या नावावर. दर सात महिन्यांनी ब्रेक, मग पुन्हा बोलावणं. शेवटी हातात १५,२०० यायचे, ओव्हरटाइम धरून. मागच्या ब्रेकनंतर बोलावणं आलंच नाही. कंपनी बंद पडलेली नाही, हे मुद्दाम सांगतो. माल पहिल्यापेक्षा जास्त निघतोय. मशीनला आपोआप सळई पुरवणारे बार फीडर लावले, एक माणूस दोन मशीन बघायचा तो आता चार बघतो. या गल्लीत कुठंही टाळं दिसणार नाही, माणसं मात्र मोजून कमी झालीत.

घरी बसलो तेव्हा दोन महिन्यांत कळलं की सासुरवाडीला पाहुणे विचारतात, “पाव्हणे काय करायलेत सध्या?” त्यावर बायकोला उत्तर नव्हतं. अभ्यासिका लावल्याच्या दुसऱ्या दिवसापासून आहे, “तयारी करायलेत.” गावाकडं रिकाम्या माणसाला लोक शेतातल्या कामाला हाका मारतात, तयारी करणाऱ्याला कुणी हाक मारत नाही. उलट आई विचारते, डोळ्याला त्रास होत नाही ना. वय ३६ झालं तरी. खुल्यातून ३८पर्यंत सरकारी भरतीचा फॉर्म भरता येतो, म्हणजे हा मान अजून दोन वर्षांचा आहे. इथल्या अर्ध्याअधिक सीट याच मानासाठी भरलेल्या असतात असं माझं मत आहे. तिशीच्या पुढचा कुणीही समोर बोलणार नाही, पण चहाला एकटा सापडला की कबूल करतो.

माझ्या मामाला हे सगळं थट्टेचं वाटतं. बजाजचा प्लांट १९८५ला वाळूजला आला, त्याच्या मागोमाग पार्ट बनवणाऱ्या कंपन्या आल्या, त्यातल्या एकीत मामा १९९१ला लागला. दोन वर्षांत परमनंट. बजाजनगरात रो-हाऊस, पोरीचं लग्न, रिटायर झाल्यावर ग्रॅच्युइटी. तो म्हणतो, “आमच्या टायमाला तलाठी सायकलवर यायचा अन् कंपनीतला पोरगा स्कूटरवर. पोरगी कुणाला द्यायची हे विचारायचं कामच नव्हतं.” आता मामाच स्वतःच्या पोराला फॉर्म भरायला लावतो. त्या पोरानं मेकॅनिकल डिप्लोमा केलाय. तो कंपनीत ट्रेनी म्हणून लागला असता तर स्टायपेंड मिळाला असता. तलाठ्याचं नुसतं मूळ वेतन २५,५०० पासून सुरू होतं, महागाई भत्ता वेगळा.

पण जागा बघा किती. २०२३च्या तलाठी भरतीत ४,६४४ जागांना दहा लाखांवर अर्ज होते. एका खुर्चीला दोनशेवर माणसं. खुल्याला फी १,००० रुपये. माझं सेंटर आलं नागपूरला. जाणं-येणं, लॉजवर एक रात्र आणि बुडालेली हजेरी धरून चार हजार गेले. शंभर प्रश्न, दोनशे मार्क, आणि निकालात नॉर्मलायझेशन होऊन एका उमेदवाराला २००पैकी २१४ पडले. पेपर अनेक पाळ्यांत होतो, एखाद्या पाळीचा अवघड निघतो, म्हणून मार्क जुळवून घेतात. ते गणित या अभ्यासिकेतल्या एका बँकिंगवाल्यानं मला दोनदा समजावून सांगितलं आणि दोन्ही वेळा पटलं. तरी आतला इन्स्पेक्टर गप्प बसत नाही. वीस मिलिमीटरची पिन मायक्रोमीटरवर २१.४ भरली तर मी अख्खा लॉट परत पाठवला असता, याच शेडला.

पोलीसवाली पोरं वेगळी. २०२४च्या भरतीत १७,४७१ जागा आणि साडेसतरा लाखांवर अर्ज होते. ही पोरं पहाटे साडेचारला येतात, बॅग टाकतात आणि एमआयडीसीच्या रस्त्यावर सोळाशे मीटर मारायला जातात. नाईट सुटलेल्या कामगारांच्या बस त्याच वेळी येत असतात. एकदा बसमधनं कुणीतरी ओरडलं, “पळा, पळा, आम्ही पण पळलो होतो!” पोरांनी हात केला. गेवराईचा एक पोरगा गोळा फेकायचा सराव करतो तो मशीनच्या जुन्या काउंटरवेटवर. मालकानं तो लोखंडाचा तुकडा त्याच्यासाठी भंगारातनं काढून ठेवला होता.

रॅकवर मासिकं आणि जुने पेपरसेट आहेत, बरे आहेत. चालू घडामोडींच्या वहीत मी परवा लिहिलं: राष्ट्रीय उत्पादन धोरण, २०११. उद्दिष्ट: २०२२पर्यंत जीडीपीत कारखानदारीचा वाटा २५ टक्के आणि १० कोटी रोजगार. मेक इन इंडिया: २५ सप्टेंबर २०१४. लिहिताना पाय बोल्टच्या बुंध्याला लागला. २०२२ गेलं, वाटा अजून सहाव्या हिश्श्याच्याच आसपास घुटमळतोय. पर्यायी प्रश्नात मात्र २५ला टिक करायची, कारण विचारलेलं असतं उद्दिष्ट.

यावर चहाच्या टपरीवर वाद होतो. टपरी गेटच्या बाहेर आहे, चहा १० रुपये, आलं भरपूर. जिंतूरची ती मुलगी म्हणते, तुम्ही सगळे सरकारीला स्वर्ग समजता, तिकडंही ठेकेदारच येणार आहेत. सप्टेंबर २०२३ला सरकारनं नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर काढलाच होता की, बोंबाबोंब झाली म्हणून ऑक्टोबरमध्ये रद्द केला. नोव्हेंबर २००५नंतर लागलेल्यांच्या जुन्या पेन्शनसाठी मार्च २०२३ला कर्मचारी आठवडाभर संपावर होते, तेव्हा मी नाईटला होतो. आमच्या लाइनीवर एकाने विचारलं, पेन्शन जुनी आणि नवी अशी दोन असते का? आम्हाला दोन्ही माहीत नव्हत्या.

चितेगावचा एक जण फार बोलत नाही. पैठण रोडचं टीव्ही-फ्रिजवालं व्हिडिओकॉन २०१८ला दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेलं, त्याचे वडील तिथं होते. तो कारखान्याच्या वादात पडतच नाही, बिस्कीट बुडवतो आणि आत जातो. उलट एक डिप्लोमावाला बिडकीन-शेंद्र्याच्या नव्या औद्योगिक पट्ट्याच्या बातम्या मोबाइलवर काढून दाखवतो. २०२४ला टोयोटाचा करार झाला, इलेक्ट्रिक स्कूटरवाली एथर येणार आहे, थोडं थांबा म्हणतो. येऊ दे की, सगळ्यात आधी मीच गेटवर उभा राहीन. पण इलेक्ट्रिक गाडीत पिस्टन नाही, क्लच नाही. आम्ही पिना केल्या त्या इंजिनच्या. नवं काय शिकायचं ते कुणी नीट सांगत नाही, आणि सांगायला येतो तो आधी कोर्सची फी सांगतो.

भिंतीवर नियमांचा कागद आहे. त्यात चौथा नियम: ‘आरक्षणावरील चर्चा गेटच्या बाहेर.’ अंतरवाली सराटीचं मराठा आरक्षणाचं आंदोलन पेटलं तेव्हा तो चिकटवला, अजून आहे. ज्या दोघांच्या भांडणामुळं तो लागला ते ४१ आणि ४२ नंबरला बसतात आणि एकाच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी दुसरा संपवतो.

बाकी किरकोळ. पाण्याचा जार दुपारी तीनला संपतो. संडास पुरुषांना दोन, सकाळी सातला रांग. गाड्या लावायला जागा ऐसपैस आहे, पूर्वी तिथं बार कापायचं मशीन होतं. समोरच्या खानावळीचा महिना २,४०० रुपये, भाकरी संध्याकाळीच मिळते, वरण पातळ. आधी ती खानावळ तीन पाळ्यांना कामगारांना जेवू घालायची, आता निम्मे डबे आमचे असतात. पावसाळ्यात ३७ नंबरवर पत्रा गळतो, मालक सीट देताना सांगत नाही.

हा रिव्ह्यू मागच्या आठवड्यात लिहून ठेवला होता. मग शनिवारी मालक टेबलाशी आला आणि म्हणाला, “भाऊ, तुम्ही टर्नर ना? कूलरच्या शाफ्टचं बुश घासलंय, जुना माल आहे, दुकानात मिळंना.” मी बुश बघितलं, लंबगोल झालं होतं. कमळापूरला एका मित्राकडं अजून एक लेथ चालू आहे, तिथं गनमेटलचा तुकडा घेऊन चाळीस मिनिटांत दोन बुश काढून आणले, एक बसवलं, एक लॉकरला ठेवलं. मालकानं एका महिन्याची फी माफ केली. तेव्हा वर ९० ते ११२च्या सीट घेऊ नका असं लिहिलंय ते आता धरू नका. कूलर आवाज करत नाही.