ग्रामीण रुग्णालय: साप, विंचू आणि कुत्रा चावल्यावर तिथे काय मिळतं, काय नाही

तालुक्याचं तीस खाटांचं ग्रामीण रुग्णालय ओपीडीच्या रांगेवरून जोखू नये. साप, विंचू आणि कुत्रा या तीन दंशांवर तिथे जो उपचार होतो, तो गावातल्या बहुतेक छोट्या खासगी दवाखान्यांत होतच नाही. शिवाय १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. हे परीक्षण मुख्यतः या तीन सेवांचं.

आधी साप. एएसव्ही हे सापाच्या विषावरचं औषध नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्याही विषावर चालतं. त्यामुळे साप ओळखता आला नाही म्हणून उपचार अडत नाही. साप मारून पिशवीत घालून आणण्यात वेळ घालवू नका. मेलेल्या सापाचं डोकंही दंश करू शकतं. पाय बांधू नका, चिरा देऊ नका. अंगठी, जोडवी, पैंजण लगेच काढा, कारण सूज चढली की ती रुततात. हाड मोडल्यावर बांधतो तसा आधार देऊन पाय स्थिर ठेवा आणि पेशंटला चालवू नका.

चांगल्या कॅज्युअल्टीची खूण म्हणजे कोरडी, स्वच्छ काचेची नळी. तिच्यात २ मिली रक्त घेऊन ती २० मिनिटं न हलवता ठेवतात, मग तिरकी करतात. रक्त गोठलं नसेल तर घोणस किंवा फुरशाचं विष भिनलं आहे. नळी प्लास्टिकची असेल किंवा डिटर्जंटने धुतलेली असेल तर विष नसतानाही रक्त पातळ राहतं आणि निष्कर्ष चुकतो. पहिली चाचणी चांगली आली तरी ती पहिले तीन तास दर तासाला आणि मग सहा-सहा तासांनी पुन्हा करायची असते. नातेवाइकांनी हे नम्रपणे विचारावं: "सिस्टर, पुढची नळी किती वाजता?"

लक्षणं असतील तर सुरुवातीला एएसव्हीच्या साधारण १० व्हायल (छोट्या बाटल्या) सलाईनमधून तासाभरात देतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष मोठ्या माणसाइतकंच सोडलेलं असतं. आधी कातडीवर टेस्ट डोस देण्याची गरज नाही. सलाईन सुरू होताच अंगावर गांधी उठल्या, थंडी भरली किंवा दम लागला तर लगेच सांगा. सलाईन थांबवून मांडीत अॅड्रेनॅलिन देतात आणि त्रास ओसरला की एएसव्ही पुन्हा हळू सुरू करतात. अॅड्रेनॅलिन सिरिंजमध्ये आधीच भरून ठेवलेलं दिसलं, तर हात जाणते आहेत असं समजावं.

सर्वांत जास्त भांडणं होतात ती "साप चावला तरी एएसव्ही दिलं नाही" यावरून. इथे बहुधा डॉक्टर बरोबर असतात. बिनविषारी साप असतात, विषारी सापाचेही कोरडे, म्हणजे विष न सोडलेले दंश होतात, आणि लक्षणांशिवाय एएसव्ही देणं म्हणजे विनाकारण रिअॅक्शनचा धोका पत्करणं. मात्र २४ तास देखरेखीखाली ठेवलंच पाहिजे. दोन तासांत घरी पाठवणं ही गंभीर चूक आहे.

खरी उणीव श्वासाची आहे. मण्यार बहुधा रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते. दंश दुखत नाही, खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखतं, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही. अशा पेशंटला व्हेंटिलेटर लागू शकतो आणि तो ग्रामीण रुग्णालयात सहसा नसतो. तिथे एवढीच अपेक्षा ठेवावी की एएसव्ही लगेच सुरू होईल, गरज पडली तर घशात नळी घालून अंबू बॅगने (हाताने दाबून हवा भरायच्या फुग्याने) श्वास चालू ठेवला जाईल आणि १०८ मधून सिव्हिलला नेलं जाईल. सह्याद्रीतल्या चापडा या विषारी सापाच्या विषावर मात्र आपलं एएसव्ही चालत नाही. तिथे लक्षणांप्रमाणेच उपचार होतो.

विंचवावरचा इलाज महाराष्ट्रातच घडला. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी महाड भागात लाल विंचवाच्या दंशावर प्राझोसिन ही रक्तदाबाची स्वस्त गोळी परिणामकारक असल्याचं दाखवलं. नुसती कळ असेल तर दंशाजवळ लिग्नोकेन या बधिर करणाऱ्या औषधाचं इंजेक्शन पुरतं. पण दरदरून घाम, उलट्या, हातपाय गार, ही चिन्हं असतील तर प्राझोसिनला उशीर नको, कारण पुढे फुफ्फुसात पाणी भरतं. गोळी दिल्यावर पेशंटला झोपवूनच ठेवा. एकदम उभं केलं तर रक्तदाब पडून तो कोसळू शकतो.

कुत्रा चावला तर रुग्णालयाआधी नळाखाली साबणाने १५ मिनिटं जखम धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. कातडीत द्यायची रेबीजची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, दोन्ही दंडांवर ०.१ मिली. उघडलेली व्हायल काही तासांतच संपवावी लागते, म्हणून अनेक ठिकाणी पेशंट एकत्र बोलावतात. त्यासाठी थोडं थांबणं ठीक, पण पहिला डोस उद्यावर ढकलू देऊ नका. रक्त आलं असेल तर लस पुरेशी नाही, इम्युनोग्लोब्युलिन (रेबीजविरोधी तयार प्रतिपिंडं) जखमेत भरावं लागतं. बरेच पेशंट नेमके इथेच मागे राहतात, कारण ते तालुक्याला नेहमी शिल्लक नसतं. पहिल्या डोसपासून सात दिवसांच्या आतच ते देता येतं, तेव्हा "इथे नाही" म्हटलं की त्याच दिवशी सिव्हिल गाठा. टाके घालायची घाईही करू देऊ नका.

साध्या बाळंतपणासाठीही ही जागा चांगली आहे. सिझेरियन मात्र भूलतज्ज्ञ हजर असण्यावर अवलंबून असतं, म्हणून नववा महिना लागताच चौकशी करून ठेवा.

सापाच्या दंशात रेफर केलं तर चिठ्ठीवर चार गोष्टी लिहून घेतल्याशिवाय गाडीत बसू नका: दंशाची वेळ, किती व्हायल दिल्या, कधी संपल्या, आणि शेवटच्या नळीत रक्त गोठलं की नाही. ही नोंद नसेल तर सिव्हिलमध्ये सगळं पहिल्यापासून सुरू होतं.