छोट्या गाडीचं ऑइल बदलायचंय: सर्व्हिस सेंटर, नाक्यावरचं गॅरेज की सोसायटीचं पार्किंग?

वॅगनआर, स्विफ्ट, आय-टेन, टियागो यांपैकी एखादी गाडी दाराशी आहे आणि फुकट सर्व्हिस संपल्या आहेत, अशा वेळी पुढचं ऑइल कुठे बदलायचं हा प्रश्न येतोच. माझं मत आधीच सांगते. वॉरंटी चालू असेल तर मुकाट कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला जा. ती संपली असेल तर ओळखीचं गॅरेज गाठा, पण ऑइल आणि फिल्टर स्वतः विकत घेऊन. घरी करायचं ते जागा आणि हौस दोन्ही असेल तरच.

त्याआधी ऑइल कधी बदलायचं ते पाहू, कारण मुंबईत इथेच गल्लत होते. मारुती किंवा ह्युंदाईच्या छोट्या पेट्रोल गाडीला साधारणपणे १०,००० किलोमीटर किंवा १ वर्ष, जे आधी येईल ते, असा हिशोब असतो. पण गाडीच्या पुस्तिकेत खडतर वापराचंही पान असतं आणि ते सहसा कुणी उघडत नाही. थांबत-थांबत चालणं, जवळच्या फेऱ्या, धूळ, तापलेली हवा हे सगळं त्यात येतं, म्हणजे आपला सदा तुंबलेला एस. व्ही. रोडच. ताशी ६० च्या सरासरीने १०,००० किलोमीटर गेलात तर इंजिन १६७ तास चालतं. तेच अंतर शहरात ताशी २० ने कापलं तर ५०० तास. मीटरवरचा आकडा सारखाच, पण ऑइलने तिप्पट काम केलेलं असतं. शिवाय घर ते शाळा, शाळा ते भाजी मार्केट एवढंच फिरणाऱ्या गाडीचं ऑइल पुरतं तापतच नाही. त्यात उतरलेला पेट्रोलचा आणि पाण्याचा अंश उडून जायला वेळच मिळत नाही. अशा गाडीला ६,०००-७,००० किलोमीटरवर किंवा सहा-आठ महिन्यांत ऑइल बदललेलं बरं. सीएनजीवाल्यांनी रंगावर जाऊ नये. गॅसवर ऑइल लवकर काळं पडत नाही, पण जुनं होतंच.

आता सर्व्हिस सेंटर. तिथे योग्य ग्रेडचं ऑइल मिळतं, खरा फिल्टर लागतो, नोंद कंपनीच्या सिस्टिममध्ये राहते आणि गाडी विकताना ती नोंद कामाला येते. जुन्या ऑइलची विल्हेवाट हीसुद्धा त्यांचीच जबाबदारी. खटकतं ते दोन ठिकाणी. एक, काम तुमच्या डोळ्यांसमोर होत नाही. दुसरं, सकाळी सर्व्हिस अ‍ॅडव्हायजर जॉब कार्डवर (कामांच्या यादीवर) जी भर घालतो ती: इंजिन फ्लश, ऑइल ट्रीटमेंट, एसी डिसइन्फेक्शन, थ्रॉटल क्लीनिंग. दर वेळी एकच विचारा, ‘हे पुस्तिकेतल्या वेळापत्रकात आहे का?’ नसेल तर सही करण्याआधी खोडायला लावा. नुसतं ऑइल-फिल्टरचं काम या भरीमुळे सहज दुप्पट बिलावर जातं. लेबरवर १८ टक्के जीएसटी वेगळा.

वॉरंटीचा बागुलबुवा मात्र फार मोठा करू नये. गॅरेजवाल्यांना सुटे भाग मिळू न देण्याच्या प्रकरणात २०१४ साली भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना अडीच हजार कोटींहून जास्त दंड ठोठावला होता. बाहेर काम केलं म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करू नका, असंही त्या आदेशात होतं. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तरीही नव्या गाडीत उद्या इंजिनचा मोठा क्लेम आला, तर काउंटरवर उभं राहून कायदा सांगण्यापेक्षा शिक्के मारलेली वही पुढे करणं सोपं. म्हणून वॉरंटी संपेपर्यंत तरी सेंटरच.

गॅरेजबद्दल जास्त सांगते, कारण बहुतेकांचा निर्णय शेवटी इथेच येऊन ठरतो. चांगला मेकॅनिक गाडीचा आवाज ओळखतो, बेल्ट किंवा बुश गेला असेल तर न विचारता दाखवतो, आणि लेबर काही शेकड्यांत भागतं. धोका माणसात कमी, मालात जास्त. बऱ्याच ठिकाणी एकच ड्रम असतो आणि रिक्षापासून टेम्पोपर्यंत सगळ्यांना त्यातलंच २०डब्ल्यू-४० ग्रेडचं जाडसर ऑइल ओततात. आजच्या छोट्या इंजिनांतल्या ऑइलच्या वाटा अरुंद असतात, व्हॉल्व्ह उघडण्या-मिटण्याची वेळही ऑइलच्या दाबावर बदलते. त्यांना पुस्तिकेत दिलेलंच लागतं, ५डब्ल्यू-३०, ०डब्ल्यू-२० किंवा त्याहूनही पातळ. ‘मुंबईच्या गरमीत जाड ऑइल बरं’ हा सल्ला जुन्या इंजिनांच्या काळातला आहे. पुस्तिकेत दोन ग्रेड दिले असतील तर निवडायला हरकत नाही, त्याबाहेर जाऊ नका. डब्यावर दर्जाची खूण म्हणून एपीआय एसएन किंवा एसपी असं काय लिहिलंय तेही पुस्तिकेशी जुळवून घ्या.

डबा अधिकृत विक्रेत्याकडून, सील पाहून, बिलासकट घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडला स्पेअर पार्टची दुकानं ओळीने आहेत, पण फिल्टर तिथून घेतानाही कंपनीचा पॅक आणि पार्ट नंबर जुळवूनच घ्या. डुप्लिकेट फिल्टरमधले पन्नासेक रुपये वाचवण्यात काहीच अर्थ नाही. डबा पूर्ण रिकामा झाला की त्याला खिळ्याने भोक पाडा. खरा डबा भेसळवाल्याच्या हाती लागला की तो पुन्हा भरून विकला जातो.

आणि काम होईपर्यंत तिथेच उभं राहा. तीन गोष्टी बघायच्या. जुना फिल्टर निघाला की त्याची रबर रिंग त्याच्यासोबत आली का? कधीकधी ती इंजिनालाच चिकटून राहते, वर नवा फिल्टर नव्या रिंगसकट बसतो, आणि दोन रिंगांच्या फटीतून ऑइल चालू गाडीत भसाभसा बाहेर येतं. नव्या रिंगला बोटाने ऑइल फासून फिल्टर हातानेच आवळायचा असतो; रिंग टेकल्यावर साधारण पाऊण फेरा, बस. दुसरं, जुनं ऑइल सोडायच्या तळच्या नटचा, म्हणजे ड्रेन नटचा, वॉशर नवा घातला का आणि नट लांब पाइप लावून तर आवळला नाही ना? चेंबरचे, म्हणजे इंजिनाखालच्या ऑइलच्या टाकीचे, आटे गेले की वीस रुपयांच्या वॉशरचं काम काही हजारांवर जातं. तिसरं, प्रमाण. इंजिनला तीन लिटरच्या आसपास लागतं आणि डबा साडेतीनचा असतो, तेव्हा ‘राहू दे, सगळंच टाकतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. जास्त ऑइल इंजिनातल्या फिरत्या क्रँकच्या दांड्याने घुसळलं जाऊन त्याला फेस येतो. उरलेलं डिकीत ठेवा, पातळी उतरली तर वरून घालायला उपयोगी पडतं.

घरपोच मेकॅनिक पाठवणारी अ‍ॅपंही आहेत. सोय उत्तम, पण दर वेळी माणूस वेगळा. माल तुमचा असेल आणि तुम्ही समोर असाल तर चालेल.

स्वतः करायचं तर पैसे खरंच वाचतात, काम मनासारखं होतं, आणि आपल्या गाडीचं पोट एकदा खालून बघावंच असं मला मनापासून वाटतं. पण मुंबईत अडतं ते जागेवर. एकावर एक गाड्या ठेवायच्या स्टॅक पार्किंगमध्ये हे होणार नाही. सपाट, पक्की जमीन हवी, मागच्या चाकांना अडण हवं आणि गाडी जॅक-स्टँडवर, म्हणजे उचललेली गाडी पेलून धरणाऱ्या पक्क्या आधारांवर, हवी. डिकीतला जॅक फक्त स्टेपनी बदलण्यासाठी असतो. नुसत्या त्याच्या भरवशावर गाडीखाली शिरू नका, कितीही घाई असली तरी. स्टँड, पाना, फिल्टर काढायचा पट्टा, पसरट टब यांचा खर्च पहिल्याच वेळी अंगावर येतो, तो हळूहळूच वसूल होतो. सोसायटीच्या पेव्हर ब्लॉकवर डाग पडला तर सेक्रेटरीची चिठ्ठी येणार, म्हणून खाली जाड प्लास्टिक आणि पुठ्ठा अंथरा.

खरा प्रश्न उरतो तो त्या तीन लिटर काळ्या ऑइलचा. ते २०१६ च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं. ते गटारात ओतलं की पावसाळी नाल्यातून थेट खाडीत जातं. मिठी नदीचं आणखी वाटोळं करायला आपला हात नको. डब्यात भरून, झाकण घट्ट लावून अशा गॅरेजला द्या जे जुनं ऑइल नोंदणीकृत रिसायकलरला देतं. आधी विचारून ठेवा. तशी सोय जवळपास नसेल तर घरी करण्याचा बेत सोडलेला बरा.

कुठेही बदला, दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी हलवण्याआधी खाली थेंब पडलेत का बघा आणि डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) पुसून, पुन्हा बुडवून, दोन खुणांच्या मध्ये पातळी आहे याची खात्री करा. थेंब दिसला किंवा पातळी उतरली असेल, तर गाडी चालवत नेऊ नका. ज्याने काम केलं त्यालाच फोन करून बोलवा.