ड्वार्फ फोर्ट्रेस: पैलू पाडणाऱ्याची नोकरी

ड्वार्फ फोर्ट्रेस हा बुटक्यांचा किल्ला वसवण्याचा संगणकावरचा गेम. या किल्ल्यात सुतार, गवंडी, लोहार सगळे आहेत, पण माझा जीव जडला तो रत्नकारावर. कार्यशाळा उभारायला एक दगड पुरतो, भट्टी लागत नाही, कोळसा लागत नाही. कच्चा खडा आत, पैलूदार खडा बाहेर. हात बसला की काम झपाट्याने होतं.

खरी मजा पुढे आहे. पैलू पाडणं एक कसब, जडाव करणं दुसरं, आणि गेम दोन्ही वेगवेगळी मोजतो. खडा जडला की वस्तूची किंमत वाढते. जडाव किती सुबक होईल ते मात्र जडणाऱ्याच्या हातावर. खडे वजनाला हलके असल्यामुळे व्यापारी तांड्याला विकायलाही सोयीचे.

चीड आणणारी गोष्ट एकच. कोणती वस्तू जडवायची हे कारागीर स्वतःच ठरवतो. हिरा कुठल्याशा साध्या पलंगावर जाऊन बसतो! त्यावर इलाज आहे: हवा तेवढाच माल वेगळ्या साठ्यात ठेवा आणि तो साठा कार्यशाळेला जोडून द्या. हे गेम आपणहून सांगत नाही.

मग कधीतरी एखाद्या बुटक्याला झपाटल्यासारखं होतं. तो कार्यशाळा बळकावतो, सामान मागतो. मिळालं तर अजोड वस्तू घडवतो, नाही मिळालं तर वेडा होतो. म्हणून थोडे खडे, कच्चेही आणि पैलूदारही, कायम शिल्लक ठेवाच.

चित्रांची सशुल्क आवृत्ती डिसेंबर 2022 ला स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावर आली. चित्रांऐवजी अक्षरं दाखवणारी जुनी आवृत्ती फुकट मिळते, पण नवख्याने चित्रांचीच घ्यावी.