९ महिने, २ उंदीर आणि एक दळभद्री ट्रे

"प्राण्यांच्या लघवीमुळे आलेला गंज वॉरंटीत बसत नाही." उंदरांचा पिंजरा म्हणून विकलेल्या पिंजऱ्याबद्दल कंपनीचं हे उत्तर परवा आलं, तेही चौथ्या मेलनंतर. मग वॉरंटीत काय बसतं? माझ्या लघवीचा गंज? फेब्रुवारीत मीच इथे ५ स्टार दिले होते, ते परत घेतोय.

दुमजली, पावडर कोटिंगवाला, खाली सरकता ट्रे, तोच मॉडेल. राहणारे दोघे सख्खे भाऊ, तपकिरी तो तर्री आणि पांढरा तो पोहा. नागपूरकरांना नावं समजावून सांगायला नकोत.

चांगलं आधी सांगून टाकतो. दार मोठं आहे, कोपरापर्यंत हात आत जातो. गजांत बोटही शिरत नाही, त्यामुळे पिल्लं असताना दोघंही निसटले नाहीत. मजल्यावरची जाळी मात्र पहिल्याच दिवशी झाकली. उघड्या तारेवर सतत चालून उंदरांच्या तळव्यांना फोड येतात. पोलर ब्लँकेटचे तुकडे अंथरले, काम झालं.

आता ट्रे. त्याची कड आतल्या बाजूला दुमडलेली आहे, करंगळीच्या नखाएवढी. लघवी त्या दुमडीत शिरते आणि तिथेच मुक्काम करते. फडकं आत जात नाही, ब्रशही जात नाही. शेवटी सुई काढलेल्या सिरिंजमध्ये निम्मं व्हिनेगर, निम्मं पाणी भरून दर रविवारी कडेकडेने पिचकारी मारत बसायचो. व्हिनेगरने लघवीचा पांढरा थर सुटतो, पण दुमडीतून जे काळं पाणी यायचं ते बघून जेवण जात नव्हतं. जूनमध्ये कोपऱ्यात गंजाचा फुगवटा दिसला. ऑगस्टमध्ये आरपार भोक.

आई म्हणायची, फिनाईल टाक. नाही टाकलं. उंदरांची फुफ्फुसं मुळातच नाजूक, त्यांना तो उग्र वास सोसत नाही. ब्लीच तर त्याहून वाईट, कारण लघवीतल्या अमोनियाशी मिळून त्याचा विषारी वायू होतो. व्हिनेगरसोबत ब्लीच ओतलं तर क्लोरीन निघतो, म्हणजे उंदरांसोबत आपणही गेलो. धुताना उंदीर दुसऱ्या खोलीत, हातात ग्लोव्हज, नंतर साबणाने हात. पिंजरा कोरडा खडखडीत झाल्यावरच ते परत आत.

आता माझ्या चुका. एप्रिलमध्ये पैसे वाचवायला लकडगंजच्या आरा मशीनवरून पोतंभर भुसा आणला, फुकटात. चौथ्या दिवशी पोहा शिंकायला लागला आणि डोळ्यांभोवती लाल. रक्त समजून मी रात्री साडेनऊला डॉक्टर शोधत फिरलो. ते रक्त नव्हतं, पोर्फिरिन होतं. उंदराला ताण आला किंवा श्वासाचा त्रास झाला की डोळ्यानाकातून येणारा लाल स्राव. बारीक धूळ आणि पाइनसारख्या लाकडाचं तेल, दोन्ही त्यांच्या छातीला वाईट. फुकटचा भुसा औषधासकट साडेआठशेला पडला. आता रद्दीच्या पट्ट्या.

दुसरी चूक कूलरची. मे महिन्यात पारा ४५ वर, उंदराला घाम येत नाही, अंगातली उष्णता बरीचशी शेपटीतून जाते. म्हणून पिंजरा थेट कूलरसमोर ठेवला. दमट हवेत अंथरूण वाळेचना आणि अमोनियाचा वास दुप्पट. मी शिव्या ट्रेला देत होतो. पिंजरा बाजूच्या भिंतीला सरकवला, आत मातीची ओली कुंडी आडवी ठेवली, वास निम्म्यावर.

आणि तिसरी गोष्ट कळल्यावर तर मी कपाळावर हात मारला. सगळं घासूनपुसून चकचकीत केलं की दोघं तासाभरात दुप्पट जागी मुतून ठेवायचे. त्यांच्या लेखी घराची ओळखच पुसली जाते ना! आता ओला कोपरा रोज काढतो, पूर्ण धुणं आठवड्यातून एकदा, आणि जुन्या पट्ट्यांची एक मूठ मुद्दाम परत टाकतो. म्हणजे वासाचा निम्मा दोष माझाच. कंपनीला हे सांगणार नाही.

अंगाच्या सफाईत विशेष काही नाही, ते स्वतःच दिवसभर चाटत असतात. आंघोळ घालू नका. पोह्याच्या पाठीवर नारिंगी मेण दिसलं ते नराचं तेल आहे, हळद नाही. शेपटी तेवढी महिन्यातून एकदा, कोमट पाणी आणि लहान मुलांचा मऊ ब्रश, बुडाकडून टोकाकडे, कारण उलट घासलं की खवले उचकटतात. शेपटी धरून उचलायचं तर अजिबात नाही, कातडी सोलून हातात येते. नखांसाठी पाण्याच्या बाटलीखाली विटेचा तुकडा ठेवलाय, चढउतरीत आपोआप झिजतात. तर्रीची शेपटी घासताना आई दारात उभी राहून म्हणाली, "काहून रे, किचनमधले मारायले औषध आणतो अन् यायले ब्रश करून राहिला?" उत्तर नव्हतं.

ट्रेचं शेवटी असं झालं. जुना ट्रे घेऊन इतवारीतल्या पत्रेवाल्याकडे गेलो. त्याने स्टीलचा बनवून दिला, कड सरळ उभी, दुमड नाही, ४५० रुपये. दुमडीकडे बघून तो म्हणाला, "ही कशाले ठेवली असन?" कंपनीला पाचवा मेल तोच टाकलाय. ३ स्टार, त्यातला एक दाराला.