डेटा एंट्रीचं काम घेतलं आणि "वकिलाचा" फोन आला

आधीच सांगते, मी काही अडाणी नाहीये. भोसरी एमआयडीसीत एका छोट्या कंपनीत नऊ वर्षं अकाउंट्स बघतेय, टॅली, जीएसटी रिटर्न, सगळं माझ्याच हातून जातं. तरी फसले.

दिवाळीनंतर आमचा पगार लांबायला लागला. ७ तारखेचा २० ला, मग दोन महिने नुसतंच "पार्टीचं पेमेंट आलं की करतो". (पार्टीचं पेमेंट आलंय हे सगळ्यात आधी मलाच कळतं, पण बोलणार कोणाला.) शेठना विचारलं की दुसऱ्या दिवशी टेबलावर दुप्पट काम. घरी ईएमआय, मुलाची फी. मग रात्री भांडी आवरून झाली की जॉब पोर्टलवर बायोडाटा टाकत बसायचे, आणि तिथं आपला मोबाईल नंबर कोणालाही दिसतो हे डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी फोन. "मॅम, घरबसल्या डेटा एंट्री आहे, रजिस्ट्रेशन फी काहीच नाही." इथंच गंडले मी. आधी पैसे मागतात ते फ्रॉड एवढं आपल्याला पाठ असतं, हे तर मागतच नव्हते. ६ दिवसांत ६०० फॉर्म, ९० टक्के बरोबर आले की १८,००० रुपये. आधारचा आणि सहीचा फोटो घेतला आणि मेलवर अ‍ॅग्रीमेंट आलं, स्टॅम्प पेपरचा स्कॅन बिन सगळं, नऊ पानं. लोकांची बिलं पैशापैशाने तपासणारी मी, स्वतःचं अ‍ॅग्रीमेंट न वाचता ओके केलं.

काम म्हणजे डावीकडे धूसर फोटो, उजवीकडे रकाने. नाव, पत्ता, खाते नंबर. शून्य आहे का इंग्रजी ओ आहे कळत नाही, नावात मध्येच दोन स्पेस, कॉपी पेस्ट बंद. रात्री दहा ते दोन बसायचे, मान आखडून गेली, नवऱ्याला वाटायचं ऑफिसचं काम आहे आणि मीही वाटू दिलं. सहाशेच्या सहाशे भरले.

सातव्या दिवशी रिपोर्ट, ५११ बरोबर, ५४० पाहिजेत, फेल. आणि अ‍ॅग्रीमेंटमध्ये म्हणे लिहिलेलंय की फेल झालात तर पोर्टलचा खर्च ६,५०० तुम्ही भरायचा. मी म्हटलं चुकलेला एक तरी दाखवा. स्क्रीनशॉट आला, फॉर्म नंबर ७७. झूम करून अक्षर न् अक्षर ताडलं. "रोड"च्या पुढचं टिंब राहिलं म्हणे. ते टिंब होतं का फोटोवरचा डाग, देव जाणे.

मी दोन दिवस फोन उचलला नाही, तर "वकील" सुरू झाला. "मॅडम, आपके नाम पे केस फाईल हो रहा है, नोटीस आपके ऑफिस भेजेंगे." ऑफिस म्हटल्यावर माझे हातपाय गळाले, आधीच तिथं पगाराचं रडगाणं, त्यात ही नोटीस शेठच्या हातात पडली तर? व्हॉट्सअ‍ॅपवर अशोकस्तंभाचं चित्र असलेली पीडीएफ पण आली. भरले ६,५००. बारा दिवसांनी परत, केस बंद झाल्याची एनओसी हवी असेल तर १४,०००. तेही भरले, आणि तासाभरात तिसरा फोन, "इसपे १८ परसेंट जीएसटी लगेगा, रिफंडेबल है."

आता हे माझं रोजचं खातं. कसला जीएसटी, इन्व्हॉइस कुठंय? अ‍ॅग्रीमेंट उघडलं, तेव्हा पहिल्यांदा नीट वाचलं. पत्ता मुंबईचा आणि जीएसटी नंबर २४ ने सुरू होणारा. अहो, पहिले दोन आकडे राज्याचे असतात, २४ गुजरात, महाराष्ट्राचा २७. जीएसटीच्या साइटवर टाकून बघितला तर कापडाच्या दुकानाचा निघाला, तोही रद्द झालेला. साइटवर फुकट बघता येतं हे, एक मिनिट लागत नाही, आणि मी ते तीन आठवड्यांनी बघितलं.

लगेच १९३० ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला, फोन लावला, मग सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन वर तक्रार टाकली, यूटीआर नंबर (पैसे पाठवल्याचा व्यवहार क्रमांक) आणि चॅटचे स्क्रीनशॉट जोडून. नुकतेच गेलेल्या १४,००० पैकी ९,२०० पुढच्या खात्यात अडकवता आले, ते अजून होल्डवरच आहेत. आधीचे ६,५०० गेले ते गेलेच. सायबर सेलमधल्या मॅडम म्हणाल्या, "कराराचा भंग हा दिवाणी मामला असतो, त्यासाठी कोणी उचलायला येत नाही, आणि कोर्ट कोणाच्या यूपीआयवर पैसे घेतं का?" त्यांच्याकडे अशा टायपिंगवाल्यांच्या तक्रारी येतच असतात म्हणे. घरी येऊन आधारचं बायोमेट्रिक लॉक केलं, फोटो त्यांच्याकडे गेलाय ना.

तुमच्यापैकी कोणी आत्ता फॉर्म भरत बसलं असेल किंवा तो वकील फोन करत असेल तर पैसे देऊ नका, भांडूही नका, सगळं सेव्ह करून १९३० लावा. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यांत फिरतात. आणि घरी सांगा हो. मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो चिडला नाही, एवढंच म्हणाला की रात्री दोनपर्यंत जागायचीस ते ह्यासाठी होय. ते जास्त लागलं.

फोन अजून येतात, दर वेळी नवीन नंबर. पगार अजून वीसलाच होतो. बायोडाटा परत टाकलाय, या वेळी नंबर लपवून.